भोंगादादाच्या दोरीवरच्या उड्या

नगरपालिकेच्या बँडमध्ये आम्ही बावीस जण होतो आणि बाविसांनाही टोपणनावं होती. पहिल्या खुर्चीवरच्या ट्रम्पेटवाल्याला सगळे भोंगा म्हणायचे. मी त्याच्या शेजारी, दुसऱ्या खुर्चीवर. वयाने नऊ वर्षांनी लहान, म्हणून मी भोंगादादा म्हणायचो आणि पुढे पुढे नुसतं दादा.

नाव उगाच पडलेलं नव्हतं. दर रविवारी संध्याकाळी बागेतल्या गोल चौथऱ्यावर आमचा कार्यक्रम असायचा. शेवटी संचलनाची धून, आणि त्या धुनेच्या अखेरीस एक लांब सूर. बाकीची वाद्यं थांबायची आणि दादा एकटा तो सूर धरून ठेवायचा. कागदावर तो सोळा मात्रांचा होता. दादा सोळावर कधीच थांबला नाही. अठरा, वीस, एकदा तर चोवीस. बाकांवरची माणसं आधी एकमेकांकडे बघायची, मग हसायची, मग सूर संपायच्या आतच टाळ्या सुरू व्हायच्या. बँडमास्तर काठी तशीच वर धरून डोळे वटारायचे. खाली उतरल्यावर म्हणायचे, "आज संपवलात त्याबद्दल आभारी आहे. मला वाटलं, पुढच्या रविवारपर्यंत नेताय."

दादा बुटका, छाती पिंपासारखी, वरच्या ओठावर ट्रम्पेटच्या तोंडाचा कायमचा गोल वण. सरावाची खोली त्याच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर होती, पण तो बसची पंधरा मिनिटं वाट बघायचा. व्यायामाचा विषय निघाला की छातीवर हात मारायचा. "आमचा व्यायाम फुंकण्यात होतो. ज्यांना फुंकता येत नाही त्यांनी पळावं."

वहिनी इस्पितळात एक्स-रेच्या खोलीत मदतनीस होत्या. पेशंटला उठवायचं, कुशीवर वळवायचं, भिंतीला टेकवून उभं करायचं, दिवसभर हेच. एकदा नुकत्याच पुसलेल्या फरशीवर त्यांचाच पाय घसरला आणि मनगट सुजलं. त्यांच्याच खोलीत त्यांचा फोटो काढला. हाड मोडलेलं नव्हतं. पण डॉक्टर फोटो उजेडासमोर धरून म्हणाले की सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या मानाने हाडं थोडी विरळ दिसतात. पुढे रीतसर तपासण्या झाल्या. गोळ्या मिळाल्या, ऊन खायला सांगितलं, आणि गुडघे तपासून डॉक्टर म्हणाले, "हाडांनाही काम लागतं. थोडे हादरे बसले की ती जोर धरतात. भरभर चाला, जिने चढा. गुडघे चांगले आहेत, तर दोरीवरच्या उड्या मारल्यात तरी चालतील, पण बेताने."

वहिनींनी त्यातलं दोरीवरच्या उड्या एवढंच घरी आणलं. शाळेत असताना दोरीवर त्यांना हरवणारी मुलगी नव्हती म्हणे. तीस वर्षांत त्यांना कोणी आवडीचं काम सांगितलं नव्हतं, आणि आता तर ते औषध म्हणूनच सांगितलं होतं. त्यांनी घराच्या मागच्या दारी, कपडे वाळत घालायच्या तारेखाली, इस्पितळातून टाकून दिलेला एक जाड रबरी पट्टा अंथरला. रोज सकाळी सव्वासहाला दहा मिनिटं.

दादाला आयता विषय मिळाला. "आमच्याकडे सव्वासहाला भूकंप होतो," तो सरावाच्या खोलीत सांगायचा. "मी उठून आधी कपाटातली कपबशी धरतो." आम्ही पोट धरून हसायचो. मी जरा जास्तच. हे वहिनींच्या कानावर गेलंच. त्या एवढंच म्हणाल्या, "हसू द्या. हाडं माझी आहेत."

दीड वर्षाने दादाला न्यूमोनिया झाला. साधा खोकला म्हणून अंगावर काढला आणि एका दुपारी ताप इतका चढला की वहिनींनी त्याला रिक्षात घालून इस्पितळात नेलं. सतरा दिवस तो तिथे होता. मी भेटायला गेलो तेव्हा बोलताना मध्येच थांबून तो हाताने 'जरा थांब' अशी खूण करायचा. ज्या माणसाचा श्वास मी वर्षानुवर्षं शेजारी बसून मोजला होता, त्याला एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. मी बाहेर येऊन जिन्यात उभा राहिलो. 

दोन महिन्यांनी तो कामावर आला. गणवेश अंगावर लोंबत होता. सरावात निभावून नेलं, कारण सरावात आम्ही सगळे त्याला झाकत होतो. रविवारी शेवटचा सूर आला, आम्ही थांबलो आणि दादा एकटा उरला. नवव्या मात्रेला सूर हलला. दहाव्याला फाटला. मग नुसती हवा. लोकांना वाटलं काहीतरी गंमत आहे, दोघेतिघे हसले. मग ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या टाळ्या कशाच्या होत्या ते चौथऱ्यावर बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. दादाने वाद्य मांडीवर ठेवलं आणि कार्यक्रम संपेपर्यंत मान वर केली नाही.

मास्तर माणूस वाईट नव्हता. आणखी तीन रविवार त्यांनी वाट बघितली. मग एका सकाळी सगळे निघून गेल्यावर त्यांनी दादाला थांबवून घेतलं. मी कपाटापाशी बूट बदलत होतो, त्यामुळे ऐकू आलं.

"घरी बसवणार नाही तुम्हाला," मास्तर म्हणाले. "पण काही दिवस झांजा घ्या."

"झांजा," दादा म्हणाला.

"छाती भरून आली की बघू." मग त्यांनी माझ्याकडे न बघताच मला सांगितलं, "उद्यापासून पहिल्या खुर्चीवर तू."

मी होय म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? खोटं कशाला सांगू, आनंदही झाला. मी बारा वर्षं त्या खुर्चीच्या शेजारी बसलो होतो. आणि ज्या क्षणी आनंद झाला त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. दोन्ही एकदम.

झांजा वाजवणं सोपं वाटतं. पण त्यात साठ-सत्तर मात्रा गप्प उभं राहायचं असतं आणि मग नेमक्या एका मात्रेला एकदाच हाणायचं असतं. जन्मभर धून पुढे नेणाऱ्या माणसाला हे जमेना. शाळेच्या क्रीडादिनाला पाहुण्यांचं भाषण सुरू होण्याआधीच्या शांततेत दादाने झांज वाजवली. पाहुणे दचकून उठून उभे राहिले, त्यांना पाहून सगळा मांडव उभा राहिला. त्या दिवशी मात्र कोणी त्याला चिडवलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं असावं.

डॉक्टरांच्या मते फुफ्फुसं साफ झाली होती. आता दम वाढवायचा तर शरीराला कामाला लावा, म्हणाले. दादा चालायला जाऊ लागला. पण गल्लीत त्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता. चपला शिवणाऱ्याच्या बाकड्यावर दहा मिनिटं, चावीवाल्याकडे चहा, औषधाच्या दुकानात आणखी एक. तासाभराने घरी यायचा तेव्हा दमलेली असायची फक्त जीभ.

एका शनिवारी सकाळी मी त्याच्याकडे गेलो. नव्या धुनेचे कागद द्यायचं निमित्त होतं. खरं म्हणजे मन खात होतं. पुढचं दार उघडंच होतं, आत कोणी नव्हतं. मागच्या दारी गेलो तर वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या आणि दादा हाफ पँटमध्ये, हातात दोरी, एक कान लाल.

"कानाला काय झालं?" मी विचारलं.

"दोरी लागली," वहिनी म्हणाल्या. "त्याआधी चष्म्याला लागली. भावजी, तुम्ही आलात ते बरं झालं. तो चष्मा धरा."

मी चष्मा धरून उंबऱ्यावर बसलो. वहिनींनी त्याला दोरीच्या मधोमध पाय ठेवून उभं केलं, दोन्ही टोकं वर ओढून बघितली. "काखेपर्यंत आली पाहिजे. ही तुम्हाला मोठी होतेय, म्हणून आपटतेय." त्यांनी दोन्हीकडे गाठी मारल्या. "कोपरं कमरेला चिकटवा. हात नाही फिरवायचे, मनगट फिरवायचं. आणि उडी म्हणजे भिंत ओलांडायची नाहीये. जमिनीपासून दोनच बोटं उचलायचं. उतरायचं चवड्यावर. टाच आपटलीत तर गुडघे बोंब मारतील."

दादाने चार उड्या मारल्या. पाचव्याला दोरी बुटात अडकली. पुन्हा तीन. पुन्हा दोन. एवढ्यानेच त्याला धाप लागली आणि तो तारेचा खांब धरून उभा राहिला.

"अगं, मला नाही जमायचं हे," तो म्हणाला. "लहान पोरांचा खेळ आहे."

"लहान पोरांना जमतो, म्हणजे बघा." वहिनींनी त्याला पाणी दिलं. आवाज मात्र खाली आला होता. "मी किती मारल्या होत्या पहिल्या दिवशी, ठाऊक आहे? सात. तुम्ही आत झोपला होतात. मी इथे बसून रडले होते."

 दादाने माझ्याकडे बघितलं. भूकंपाच्या विनोदाला सगळ्यात जास्त कोण हसलं होतं, ते त्यालाही आठवत होतं आणि मलाही.

"दहा मारायच्या आणि मिनिटभर थांबायचं," वहिनी म्हणाल्या. "असं पाच वेळा. झालं आजचं. आणि मोजू नका तुम्ही. मोजण्यातलं तुम्हाला काय कळतं ते त्या शाळेतल्या पाहुण्यांना विचारा. मी मोजते. तुम्ही तोंडाने काहीतरी वाजवा."

दादाला हसू आलं. मला आवरलंच नाही. मग तो खरंच संचलनाची धून ओठातल्या ओठात गुणगुणायला लागला आणि दोरी फिरली. पहिल्यांदाच पाय आपोआप उचलले जात होते. सहा, सात, आठ. धून त्याच्या हाडामांसात मुरलेली होती, पायांना फक्त ती कळायची बाकी होती. अकराव्या उडीला गुणगुणणं तुटलं, कारण श्वास संपला, आणि तो थांबला. घामाने निथळत होता. पण इस्पितळातून आल्यापासून एवढा ताठ उभा राहिलेला मी त्याला पाहिला नव्हता.

"भावजी, आता तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

मी कागद विसरल्याचा बहाणा करून पळालो. पण सोमवारी पळायचे बूट घालूनच गेलो.

पहिल्या महिन्यात दादा दहावरून तिसापर्यंत आला. एक दिवस उड्या, एक दिवस सुट्टी, हा वहिनींचा नियम. झोप नीट लागायला लागली, असं तो म्हणायचा. आधी रात्री तीन-तीनदा उठून बसायचा. संध्याकाळची चिडचिड गेली, हे त्याने नाही, वहिनींनी सांगितलं. जिना चढताना मध्ये थांबून भिंतीवरच्या सूचना वाचायची त्याची जी नवी सवय लागली होती, ती सुटली.

मग एक दिवस ढोलवाला कोणाशी तरी बोलताना म्हणाला, "भोंग्याची आता शिट्टी झालीय." दादा कपाटाच्या मागेच होता. दुसऱ्या दिवशी सुट्टीचा वार असून पहाटे वहिनी उठायच्या आत तो मागच्या दारी गेला आणि रागारागाने एका दमात मारत सुटला. दोनशेच्या आसपास कधीतरी पोटरीत काहीतरी चटकन तुटल्यासारखं झालं. वहिनी बाहेर आल्या तेव्हा तो पट्ट्यावर बसून पाय धरून कण्हत होता.

वहिनींनी त्याला आत नेलं, बर्फ बांधला आणि मग दोन दिवस त्याच्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "दोरी कोणाला दाखवायला मारत होतात? ढोलवाला आपल्या मागच्या दारी येऊन बघणार होता का?"

तीन आठवडे पाय जमिनीला टेकवून मनगटं फिरवण्यापलीकडे काही नाही. मला वाटलं, आता हा सोडणार. पण तो पुन्हा दहापासून सुरू झाला. पूर्वीचा दादा हे कधी करता ना. पूर्वीचा दादा बसची वाट बघत बसला असता.

सहाव्या महिन्यात तो मास्तरांकडे गेला आणि एकदा ऐका म्हणाला. सराव संपल्यावर मास्तर खुर्ची ओढून बसले, डोळे मिटले. मी थांबलो, मला कोणी जा म्हटलं नाही. दादाने आधी सरळ चढते-उतरते सूर वाजवले. मग तो लांब सूर. मी मांडीवर बोट टेकवत होतो. आठ. नऊ. दहा.  अकरा, बारा, तेरा. चौदाव्याला सूर थरथरणार असं वाटलं आणि दादाने स्वतःहून वाद्य खाली घेतलं. फाटू दिला नाही.

"आवाज गोल झालाय," मास्तर डोळे न उघडता म्हणाले. "पूर्वी तुम्ही ढकलत होतात. आता वाहतोय."

"तेराच झाल्या," दादा म्हणाला.

"हो. तेरा म्हणजे सोळा नव्हेत."

मी पुढे झालो. "मास्तर, पहिली खुर्ची दादाचीच आहे. मी मागे—"

"तू गप्प बस रे," दादा म्हणाला. रागावून नाही. "तू स्वच्छ वाजवतोस. सहा महिने झांजा धरून उभा होतो, तेव्हा पहिल्यांदा तुझं वाजवणं ऐकलं. शेजारी बसून मला फक्त माझंच ऐकू यायचं. मास्तर, मला दुसरी खुर्ची द्या."

मास्तरांनी डोळे उघडले. एकदा आमच्या दोघांकडे बघितलं. मग म्हणाले, "तो सूर एकाच माणसाने धरायचा असं कागदावर कुठे लिहिलंय?"

आम्ही दहा दिवस त्यावर घालवले. मी सूर सुरू करायचो. सातव्या मात्रेला दादा खालून, अगदी हलक्याने, त्यात शिरायचा. मग मी हळूहळू बाजूला व्हायचो, श्वास भरून घ्यायचो आणि त्याचा संपत आला की परत शिरायचो. सांधा कळता कामा नये. आधी तो ठिगळासारखा दिसायचा. दादाच्या मागच्या दारी वाजवून वाजवून शेजारचे काका खिडकी लावून घ्यायला लागले, पण शेवटी सांधा मिटला.

रविवारी बागेत आम्ही तो सूर बत्तीस मात्रा धरला. मास्तरांनी काठी खाली घेतली, रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला, तरी सूर चालूच. बाकांवरची माणसं उभी राहिली. कार्यक्रमानंतर नेहमी पहिल्या बाकावर बसणारे एक आजोबा चौथऱ्याशी आले. "भोंगा परत आला वाटतं," म्हणाले.

"अर्धा," दादा म्हणाला. "अर्धा हा शेजारी आहे."

त्यानंतर सरावाच्या खोलीबाहेर सकाळी चार-पाच दोऱ्या फिरायला लागल्या. त्यात ढोलवालाही होता. मोठं वाद्य वाजवणाऱ्या हंड्याला मात्र डॉक्टरांनी मनाई केली, त्याचे गुडघे आधीच कुरकुरत होते. तो दोरीशिवाय, जागच्या जागी पाय उचलत नुसती मनगटं फिरवायचा. येणारे-जाणारे बघून हसायचे. हंडा म्हणायचा, माझी दोरी शहाण्या लोकांनाच दिसते. नवीन कोणी आला की दादा आधी विचारायचा, "डॉक्टरांना दाखवलंस का?" मग विचारायचा, "किती मारणार?" कोणी शंभर म्हटलं की त्याला स्वतःच्या पोटरीची गोष्ट पहिल्यापासून ऐकावी लागायची.

दादा सेवानिवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली. दुसऱ्या खुर्चीवर नवीन मुलगी आली आहे, चांगली वाजवते. वहिनींच्या तपासण्या दर दोन वर्षांनी होतात. हाडं आणखी विरळ झालेली नाहीत. गोळ्यांमुळे की दोरीमुळे, हे डॉक्टर सांगत नाहीत, म्हणतात दोन्ही चालू ठेवा.

मागच्या महिन्यात मी सकाळीच त्यांच्याकडे गेलो होतो. दादाला सर्दी झाली होती, म्हणून चार दिवस उड्या बंद होत्या आणि त्यामुळे घरात कोणाचं काही खरं नव्हतं. तो आत पांघरूण घेऊन वर्तमानपत्रावर करवादत होता. वहिनी मागच्या दारी होत्या. आता त्या हात पुढे आडवे घेऊन उलटसुलट मारतात, दोरी दिसतही नाही, नुसता तिचा आवाज येतो. त्या थांबल्या, पदराने मान पुसली आणि उंबऱ्यावर माझ्या शेजारी बसल्या.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मी त्यांना कधी विचारली नव्हती. आम्हा सगळ्यांचं दादाच्या श्वासाकडेच लक्ष होतं. मी म्हटलं, "वहिनी, हाडांचं सोडा. तुम्हाला यातून काय मिळालं?"

त्यांनी दोरी हातावर गुंडाळली.

"दोरी फिरत असली की जवळ कोणी येत नाही, भावजी," त्या म्हणाल्या. "लागेल म्हणून. दहा मिनिटं मला कोणी हाक मारत नाही."

आतून दादाने हाक मारली. रुमाल कुठे आहे, असं काहीतरी. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, हसल्या, उठल्या आणि पुन्हा दोरी फिरवायला लागल्या. मी आत जाऊन त्याला रुमाल शोधून दिला.